चौदा ते बावीस

शालिक गेडाम सरांचे छापून आलेले पेपर एकोणतीस.
मोजले मीच. तपासणी समिती यायची होती
आणि संगणकाच्या खोलीत वीज नव्हती,
म्हणून छापील प्रतींचा गठ्ठा टेबलावर घेऊन
बोटाला थुंकी लावून मोजले,
धानाच्या मिलवर पावत्या मोजतात तसे.

मी देवाजी नन्नावरे, प्रयोगशाळा परिचर.
बारावी नापास, तीही रसायनशास्त्रातच.
एकवीस वर्षं ब्युरेटी धुतोय.

'सर, हा एच-इंडेक्स म्हंजे का असते जी?'
सरांनी खडू उचलला नाही. म्हणाले,
'समज, तुझ्या घरी एकोणतीस पोती आहेत.
कशात पायलीभर, कशात मूठभर, बरीचशी रिकामी.
त्यातली पाच पोती अशी निघाली
की प्रत्येकात पाच पायल्या तरी आहेत,
तर तुझा आकडा पाच.
सहा व्हायचा तर सहा पोती हवीत, सहा-सहा पायल्यांची.'
'अन् एकाच पोत्यात शंभर असल्या तं?'
'तरी ते एकच पोतं, देवाजी.'

सरांचा आकडा पाच.
सहावं पोतं दोन वर्षांपासून चार पायल्यांवर अडलेलं.

सगळ्यात भरलेलं पोतं नागपूरच्या यंत्रावरचं,
आठ नावांत सरांचं सातवं.
त्याबद्दल सर कधी बोलत नाहीत.

बोलतात ते राखेच्या पेपरबद्दल.
मिलवरून सायकलीवर मी आणलेला कोंडा,
भट्टीत जाळलेला, पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो का
ते पाहायला महिनाभर रोज चाळलेला,
माझ्या पोरीच्या जुन्या ओढणीतून गाळलेला
(पेपरात तिला 'सुती कापड' म्हटलंय.
शेवटी आभारात माझंही नाव आहे, एक 'न' कमी).
त्याला सायटेशन एक.

ते एक दाखवायला सर स्वतः धुण्याच्या मोरीपाशी आले.
कुठल्याशा डोंगराळ देशातला लेख,
तिथल्या विहिरीही पोरांचे दात पिवळे करतात म्हणे.
'तुमचं नाव कुठी हाय?'
वाक्य एवढंच होतं :
राखेचा उपयोग याआधीही पाहिला गेला आहे,
पुढे कंसात चौदा, आडवी रेघ, बावीस.
सर सतरावे.
सतरा तर कुठे छापलेलाच नव्हता,
तो त्या रेघेत होता.
मी भिंग आणलं. खरंच आणलं.
सर हसले नाहीत. तेही वाकून पाहू लागले.

समिती आली, पांढऱ्या गाडीतून.
आकडा विचारला. सर म्हणाले, पाच.
त्यांनी पाच लिहिलं आणि वांग्याची भाजी चांगली झाली म्हणाले.

कोसंबीच्या पाण्याचं कुणी विचारलं नाही,
कारण ते एकोणतिसांत नाही.
तिथल्या हातपंपाचं पाणी आम्ही तपासलं होतं,
बाटलीतला लाल रंग बघता बघता फिका पडला.
जितका फिका, तितकं पाणी वाईट.
सरांनी ग्रामपंचायतीला पत्र दिलं,
पंचायतीनं पंपाला लाल रंग दिला.
पेपर मात्र परत आला. नमुने कमी आहेत, म्हणाले.
नमुने कमी होते. पंपच एक होता.

परवा कोसंबीला साक्षगंधाला गेलो.
उन्हातून आलेलो, त्या पंपावर ओंजळ धरली,
तशी गुंड घेऊन जाणारी एक पोरगी ओरडली,
'त्याचं पिऊ नोका जी!'
'काऊन?'
'मनाई हाय.'
'कोनं केली?'
'कोन जाने. आधीपासूनच हाय.'
आणि शाळेमागच्या पंपाकडे निघून गेली, लांबच्या.

सोमवारी सरांना सांगितलं.
ते फ्लास्क उजेडाकडे धरून उभे होते.
विचारलं, 'रंग टिकून आहे का अजून?'
म्हटलं, पंपाचा आहे.
दांड्याचा उडाला.